बिनपावसाचा पूर

लग्नाला दोन वर्षं झाली, तरी आम्ही नवराबायको दिवसाउजेडी एकमेकांशी धड बोललो नव्हतो. आता सांगितलं तर नाती हसतात. पण सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराला रहिमतपूरकडच्या शेतकऱ्यांच्या घरांत हीच रीत होती. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्यानं बायकोला हाक मारायची नाही, बायकोनं तोंड वर करायचं नाही. तहान लागली की हे भिंतीकडं बघून म्हणायचे, "कुणी पाणी देतंय का?" मग ती 'कुणी' म्हणजे मी तांब्या भरून आणून ठेवायची आणि परत चुलीकडं.

हे होते पलटणीत. वर्षाकाठी दोन महिने सुट्टी, त्यातही रात्री पुरुष सोप्यात आणि बायका माजघरात. बोलायचं कधी, कप्पाळ? त्या वर्षी मात्र मला बोलायचंच होतं. सुट्टीवर आले त्याच दिवशी ह्यांनी मामंजींना सांगितलेलं मी आतून ऐकलं होतं, की आता आपल्याला तिकडं क्वार्टर मिळतंय, फॅमिली ठेवता येते. मामंजी "बघू" म्हणाले आणि विषय तिथंच मेला. ती फॅमिली म्हणजे मी, आणि मला कुणी विचारलंच नाही! सुट्टी सरत आली. ह्यांना एकटं गाठून विचारल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, नाहीतर आणखी वर्षभर भाकऱ्या थापत वाट बघायची, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

गाठ घालून दिली ती एका ब्लँकेटनं. ह्यांच्या पलटणीतला एक दोस्त कोकणातला. त्यानं आईसाठी लोकरीचं ब्लँकेट ह्यांच्याबरोबर धाडलं होतं. तिथं समुद्राकाठी जागृत देवी आहे, सुनेनं ओटी भरून यावी, असं घरात ठरलं आणि मलाही परवानगी मिळाली. नुसतं फिरायला कोण सोडतंय? देवाचं नाव घेतलं की सगळ्या वाटा मोकळ्या.

कराडहून एसटी कुंभार्लीचा घाट उतरली तेव्हा माझ्या पोटातलं सगळं बाहेर आलं होतं. दोस्ताच्या घरी पोचलो तेव्हा अंधारलं होतं. समुद्र दिसला नाही, नुसता आवाज. मला वाटलं, जवळपास गुऱ्हाळ आहे आणि त्याचं इंजिन रात्रभर चालू ठेवलंय.

सकाळी देवीला जाऊन आलो आणि किनाऱ्याकडं निघालो. हे पुढं, मी वीस हात मागं, डोक्यावर पदर. नारळीच्या बागांतल्या बायका टकामका बघत होत्या. दोस्ताच्या आईनं तर निघताना मला हळूच बाजूला घेऊन विचारलं होतं, तुमचं काही भांडण झालंय का म्हणून. आता काय सांगायचं तिला? भांडायला आधी बोलावं लागतं.

वाटेत एक ओढा लागला. ओढाच वाटला आम्हाला, पात्र रुंद पण पाणी नडगीएवढं. लुगडं वर खोचलं आणि पार झालो. पलीकडं सुरूची झाडं, ती संपली, आणि मी जागच्या जागी थांबले.

मी जत तालुक्यातली. आमच्याकडं टँकर आला की जावा-जावा एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. अंघोळीचं पाणी वांग्याच्या रोपाला जायचं, हात धुतलेलं कोंबड्यांना. आणि इथं डोळे पोचतील तिथवर पाणी, निळं, हलतंय, उसळतंय, आणि त्याच्या काठावर एक घागर नाही, एक माणूस नाही. हात आपोआप जोडले गेले. आणि खरं सांगते, रागही आला. एवढं सगळं एका जागी ओतलंस, देवा, मग आमच्या वाटणीला काय ठेवलंस? खारट असतं हे ऐकून होते, तरी ओंजळभर तोंडात घातलंच. थूः थूः करत मीच मोठ्यानं हसायला लागले. हे गर्रकन मागं वळले. माझं हसणं ह्यांनी त्याआधी ऐकलंच नव्हतं.

तिथून पुढं आम्ही दोघं पाण्याच्या कडेकडेनं किती चाललो कोण जाणे. एक खेडं लागलं, वाळत घातलेली मासळी, उलट्या घातलेल्या होड्या. पुन्हा वाळू, पुन्हा समुद्र. लाट पायाखालची वाळू ओढून न्यायची की मी घाबरून उभी राहायची आणि परत पुढं व्हायची. बोलायचं राहूनच गेलं.

दुपारी परतलो तर तो ओढा गायब! तिथं पुरुषभर पाणी, आमच्या कृष्णेसारखं. ह्यांनी आधी आभाळाकडं बघितलं. मीही बघितलं. पौषातलं कोरडं आभाळ, ढगाचा ठिपका नाही.

"वर डोंगरात पाऊस लागला वाटतं," हे म्हणाले.

तेवढ्यात माझं लक्ष पाण्यावर गेलं. एक झावळी वाहत चालली होती, पण समुद्राकडं नव्हे, डोंगराकडं. नदी उलटी चालली होती. आम्ही दोघं घाटावरची माणसं, पूर म्हणजे वरून येणार, पावसानं येणार, एवढंच ठाऊक. काठावर वाळत घातलेली मासळी पालटणारी एक बाई आमची तोंडं बघून पोट धरून हसली. ही भरती आहे, ऊन उतरलं की पाणी आपलं आपण जाईल, तोवर बसा गुमान, म्हणाली.

बसलो. एका सुरूखाली, शेजारी शेजारी, लख्ख उजेडात. मागं जायला घर नाही, पुढं जायला वाट नाही. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी तोंड उघडलं.

"मला न्हेणार का तिकडं?"

हे वाळूत बोट फिरवायला लागले. मग म्हणाले, "आईला कोण इचारणार?"

माझं डोकंच फिरलं. "आवं, लढाईवर जाताना कुणाला इचारलं व्हतं?"

संध्याकाळी पाणी खरंच निघून गेलं, जसं कुणी खालून बूच काढावं तसं. उतरताना ह्यांनी हात पुढं केला, मी धरला. पण उत्तर काही मिळालं नाही. परतीच्या एसटीत घाट चढेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत मनात म्हणत होते, संपलं.

घरी पोचलो त्या रात्री मामंजी आणि हे जेवायला बसले होते. सासूबाई वाढत होत्या, मी चुलीपुढं. आणि हे भिंतीकडं नाही, सरळ माझ्याकडं बघून म्हणाले,

"परवा गाडी हाय. तुझं बी सामान बांध."

मामंजींचा घास हातात राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. सासूबाईंनी ताटात कालवण वाढलं, पळी खाली ठेवली आणि लेकाकडं बघितलं.

"क्वार्टरचं बोललास तवापास्नं वाट बघतीया," त्या म्हणाल्या, "कवा तोंड उघडतूस त्याची. मला काय वाटलं, न्हाई न्हेत का काय माझ्या पोरीला."

माझ्या पोरीला म्हणाल्या त्या. मी पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर आलाच. सासूबाई उठल्या, मला बाजूला सारलं आणि पुढची भाकरी त्यांनीच थापायला घेतली.