न दिसणारा चौथा सिंह

आमच्या शाळेत झेंडा बांधायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे होतं. मी चौथीची बाई. शाळा कोल्हापूरला लागून असलेल्या गावात, पोरांचे आईबाप बहुतेक कागलच्या एमआयडीसीत. झेंड्याची घडी घालायची, आत पाकळ्या भरायच्या आणि एका ओढीत सुटेल अशी गाठ मारायची. सोपं वाटतं ना? करून बघा. मला या कामाचा गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही.

शेजारच्या वर्गावरची बाई माझी जिवाभावाची मैत्रीण. तिची भाकरी आणि माझी आमटी वर्षानुवर्षं एकत्र संपत आली. ती गाठ मीच तिला शिकवली होती.

यंदा सव्वीस जानेवारीला मी झेंडा बांधून ठेवला आणि पोरांच्या रांगा लावायला गेले. मैत्रीण झेंडूची पिशवी घेऊन आली, पाकळ्या कमी पडतील म्हणाली, आणि माझी गाठ सोडून तिनं झेंडा नव्यानं बांधला. मी लांबून पाहिलं, पण हात माझ्याच तालमीतला, म्हणून निर्धास्त राहिले. पाहुण्यांनी दोरी ओढली. पाकळ्या भरपूर पडल्या, फोटो निघाले, आणि हिरवा पट्टा वर. घाईत तिनं झेंड्याची टोकं उलटी बांधली होती.

झेंडा उतरवून नीट चढवला. नंतर मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावून विचारलं, कुणी बांधला? मी तिच्याकडे पाहिलं. तिनं कबूल केलं असतं, तर तिच्या बाजूनं मीच भांडले असते. ती टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाली, "दरवर्षी बाईच बांधत्यात की, सर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची बढती तोंडावर आली होती, हे मला ठाऊक होतं. खरं मीही सांगू शकले असते, पण ते तिनंच सांगावं, हा माझा हट्ट. सरांनी तिथंच लेखी खुलासा मागितला, तेव्हाही मी मुद्दाम सावकाश लिहीत बसले, की आता तरी ही माझा हात धरेल. 'माझ्या हातून चूक' इथपर्यंत आले आणि पेनातली शाई संपली. तिनं पर्समधून स्वतःचं पेन काढून माझ्यापुढं ठेवलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्याच पेनानं मी 'झाली' लिहिलं. झेंड्याचं काम आता तिच्याकडे आहे.

पुढच्या आठवड्यात राष्ट्रीय प्रतीकं शिकवायची होती. मोर झाला, कमळ झालं, वाघ झाला, आणि राजमुद्रा आली. दरवर्षीसारखं विचारलं, सिंह किती? सगळे म्हणाले, तीन. मी सांगितलं, चार. चौथा मागे असतो, म्हणून दिसत नाही.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं पुस्तकातल्या चित्राचं पान उलटून मागची बाजू तपासली. "बाई, मागं कोण न्हाय की. तुम्ही बघितलाय व्हय त्याला?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. भिंतीपलीकडून मैत्रिणीच्या वर्गाचे पाढे ऐकू येत होते.

"न्हाय गं," मी म्हणाले. "बावीस वर्षं हाय असंच धरून चालले."