चालेल ना तीन वर्षं?

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत हो. डब्यांची झाकणं कशी कुणी विकत न आणता घरात वाढतच जातात, तसंच आहे ते. लंडनजवळच्या मेडनहेडच्या आमच्या ऑफिसात मराठी माणसं तीनच. डोंबिवलीचा केदार, अमरावतीचा शिरीष म्हणजे आमचा शिऱ्या, आणि पुण्याची मी. दुपारी एका टेबलावर डबे उघडतो आणि गेली तीन वर्षं त्या टेबलावर एकच विषय आहे, शिऱ्याचा फोन! वैताग आलाय नुसता. पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

*

फोन घेतला हाउन्सलोला. तिघं भाजी आणायला गेलो होतो, तर शिऱ्या वाटेतल्या फोनच्या दुकानात शिरला. काउंटरवरच्या मुलीच्या बॅजवरचं आडनाव वाचून केदारने थेट मराठीच सुरू केलं. मुलगी इथेच जन्मलेली, आईवडील साताऱ्याचे. ती इतकी खूश झाली! म्हणाली, "ही फोन खूप छान आहे. कॅमेरा पण चांगली आहे."

कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं. एकदा सही केली की सुटका नाही. शिऱ्याने विचारलं, "पण तीन वर्षं चालेल ना?"

मुलगी गोंधळली. "चालेल? म्हणजे, लाइक, वॉक?"

"वॉक नाही गं! टिकेल का, म्हणतोय. माझी आई अमरावतीला एकटी असते. रोज व्हिडिओवर बोलतो आम्ही. तिला मी नीट दिसलो पाहिजे. बाकी काही नको मला."

"ओ! तुझ्या आईला तू नक्की दिसणार," ती म्हणाली. "पण फोन चालत नाही हां. माझी आजी चालते."

तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

*

आणि दिसला की! आमची जेवणाची सुट्टी म्हणजे अमरावतीची संध्याकाळ. दुसऱ्याच दिवशी शिऱ्याने टेबलावरून कॉल लावला, तोही स्पीकरवर.

"काय करून राहिला रे?" काकूंनी विचारलं. मग जरा पुढे वाकून बघितलं. "नाकातले केस काप आधी!"

शिऱ्या लालबुंद. तेवढ्यावर थांबतील तर त्या काकू कसल्या! "आणि तुझ्या मागं त्या पोरीनं डबा उघडा टाकला. मुंग्या लागतील."

"आई, इथे मुंग्या नसतात गं!"

"लागतील."

मी मुकाट्याने झाकण लावलं. काय करणार!

*

शिऱ्याने तो फोन जितका जपला, तितकं कुणी पोटच्या पोरालाही जपत नसेल. वरून काच, मागून कव्हर, कव्हरवर प्लास्टिकची पिशवी. केदार म्हणायचा, "अरे, फोन आहे की टीव्हीचा रिमोट? अजून एक रबरबँड लाव!"

केदारला भविष्य सांगायची वाईट खोड. दर महिन्याला एकदा तरी ऐकवायचाच, "बघ हं, आता कंपनी अपडेट बंद करणार. मग स्लो होणार. मग बॅटरी जाणार. मग तुझा फोन म्हणजे आरसा. नुसतं तोंड बघायचं!"

शिऱ्या भाजीचा घास घेत म्हणाला, "तोंडच तर दाखवायचंय."

*

मग शिऱ्याचा व्हिसा वाढवायची वेळ आली. अर्ज आत गेला आणि आतच राहिला. निर्णय येईपर्यंत देश सोडला तर अर्ज बाद, म्हणजे अमरावतीला जायची सोय नाही. घरी गणपती बसले, उठले. दिवाळी झाली. शिऱ्याने काकूंकडून औक्षण फोनवरूनच करून घेतलं. काकूंनी निरांजन फोनभोवती फिरवलं आणि हा इकडे कॅन्टीनमध्ये डोळे मिटून बसला.

केदार म्हणाला, "फोन तीन वर्षं चालेल रे. पण हे लोक आपल्याला चालवून घेतील का?"

कुणीच हसलं नाही. आमचं इथलं सगळंच मेलं कॉन्ट्रॅक्टवर! फोन, गाडी, आम्ही स्वतः. मला त्या दिवशी खरंच रडू आलं, आणि त्यात डब्यात दुधी.

*

त्याच हिवाळ्यात एक दिवस काकू म्हणाल्या, "धूसर दिसून राहिला रे. फोन जुना झाला वाटते तुझा."

झालं! शिऱ्या कामाला लागला. लेन्स पुसली. कव्हर काढलं. खिडकीपाशी बसून बघितलं, दिव्याखाली बसून बघितलं. शेवटी बाहेर उजेड जास्त म्हणून भर पावसात कार पार्कमध्ये जाऊन उभा राहिला, आणि डोक्यावर छत्री धरायला मी! माणसं बघत होती.

"आता, आई? आता दिसतोय?"

"आवाज छान येऊन राहिला," काकू म्हणाल्या.

शनिवारी आम्ही वेम्बली गाठलं. ईलिंग रोडवर फोन दुरुस्त करणारे एक गुजराती काका बसतात. त्यांनी फोन उघडून, हलवून, फोटो काढून बघितले. म्हणाले, "भाई, एकदम फर्स्ट क्लास छे. तू मम्मीचा फोन बदली कर."

शिऱ्याचा चेहरा असा उजळला! जीव भांड्यात पडला बिचाऱ्याचा.

*

केदार सुट्टीवर निघालाच होता. काकूंसाठी नवा फोन घेऊन, वाकडी वाट करून तो अमरावतीला जाऊन आला. परतल्यावर पहिल्या दिवशी डबा उघडला त्याने, पण जेवेना.

"फोन दिलास ना?" शिऱ्याने विचारलं.

"दिला. मस्त चालतो."

"मग तोंड का पाडलंयस?"

"शिऱ्या, काकू भिंत धरून चालतात रे. मी दारात उभा होतो, तर मला म्हणाल्या, शिरीष आला का?" केदारने डबा बाजूला सारला. "काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. तुला सांगू नको म्हणाल्या. व्हिसाचं आधीच टेन्शन आहे म्हणे तुला."

शिऱ्या वरणात चमचा फिरवू लागला. मग म्हणाला, "नाही रे. माझाच फोन जुना झालाय."

असा संताप येतो ना अशा वेळी, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नाही.

*

तीन वर्षं संपली. आणि फोन? ठणठणीत! केदारचं एकही भविष्य खरं ठरलं नाही. व्हिसाचा मात्र अजून पत्ता नव्हता.

तरी शिऱ्या आम्हाला ओढत हाउन्सलोला घेऊन गेला. तीच मुलगी होती. तिने फोन हातात घेऊन बघितला. "पण ही तर एकदम चांगली आहे. का बदलतो?"

"आईला दिसत नाही," शिऱ्या म्हणाला.

केदार काहीतरी बोलणार होता. मी त्याचा हात दाबला. शिऱ्याने पुन्हा तीन वर्षांची सही केली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने नव्या फोनवरून कॉल लावला. काकू खुर्चीत बसल्या होत्या, फोन सोडून जरा बाजूला बघत. खाली कोपऱ्यात, जिथे शिऱ्या दिसायला हवा होता, तिथे काळा चौकोन. घाईघाईत त्याने कॅमेरा चालूच केला नव्हता. केदारने खूण केली. शिऱ्याचं बोट बटणाकडे निघालं, तेवढ्यात काकू म्हणाल्या,

"अरे वा! काय स्वच्छ दिसून राहिला रे! समोर बसल्यासारखा. नाकातले केसही कापले वाटते. शहाणं माझं लेकरू!"

शिऱ्याने बोट मागे घेतलं.

"हो आई. कापले."

"चांगला आहे हा फोन. किती वर्षं चालेल?"

"तीन वर्षं, आई."



"चालेल," म्हणाल्या.