मेपलच्या वड्या

कॅनडातल्या लेकीनं मेपलच्या झाडाचा काकवीसारखा दाट पाक पाठवला. बायकोनं तो आटवून, घोटून वड्या थापल्या आणि स्टीलच्या डब्यात भरून ठेवल्या. "हवा लागली की पाणी सुटेल हं!" अशी मला तंबी. आणि रोज झाकण उघडून बघते ती स्वतःच.

"अगं, अशानंच सुटेल."

"बघितल्याशिवाय कळणार कसं?"

खरंय. लेकीलाही आम्ही रोज फोन करून विचारतो, "बरी आहेस ना?" जपायचं म्हणजे सारखं उघडून बघायचं, एवढंच आम्हाला येतं. ती रोज म्हणते, "मजेत."

काल तिनंच विचारलं, "आई, वड्या कशा आहेत गं?"

"मस्त," ही म्हणाली, आणि चिकट झालेली बोटं पदराला पुसली.