पडद्यामागे जाणारा तक्ता

घरून काम करायची पद्धत साथीच्या काळात निघाली, असं परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकजण छातीठोकपणे सांगत होता. माझ्या डोक्यात सणक गेली. हा गृहस्थ शाळेतही जात नसेल तेव्हा मी कासारवाडीच्या दोन खोल्यांत बसून भोसरीच्या कंपनीचं काम करत होते, आणि त्यापायी जे ऐकून घेतलं ते अजून पचलेलं नाही.

कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवायची. मी प्लॅनिंगला होते. उद्या कोणत्या मशीनवर कोणता पार्ट लावायचा, याचे तक्ते तयार करून कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये भरायचे, हे माझं काम. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मुलगी जेमतेम तीन महिन्यांची होती. सासूबाई नव्हत्या, नवरा पिंपरीला शिफ्टमध्ये. सासरे घरी असत, लेथवर आयुष्य काढलेले निवृत्त टर्नर, फार मायाळू, पण रडणारं मूल हातात दिलं की त्यांनाच घाम फुटायचा. मी साहेबांना लेखी विचारलं, तक्ते घरून पाठवले तर चालेल का. साहेबांनी आठवडाभर विचार करून तीन महिन्यांची परवानगी दिली. जमलं तर पुढे वाढवू, नाहीतर रोज हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा.

कॉम्प्युटर मी चिंचवडच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटकडून जुना घेतला. हार्ड डिस्क नाही, दोन फ्लॉपी, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. सासऱ्यांच्या नावावर फोन होता, त्याला मोडेम जोडला. कंपनीच्या कॉम्प्युटर विभागानं एक फ्लॉपी दिली. तिच्यातला प्रोग्राम घरच्या कॉम्प्युटरला कंपनीतल्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेलं टर्मिनल असल्याचं सोंग घ्यायला लावायचा. पण त्याची खरी करामत वेगळीच होती. एकदा सुरू केला की तो पडद्याआड जाऊन बसायचा. दोन बटणं एकदम दाबली की पुढे यायचा, पुन्हा दाबली की गायब. आणि गायब असतानाही तक्ता फोनवरून कंपनीत जात राहायचा. एक तक्ता जायला चाळीस-पन्नास मिनिटं लागत. तेवढ्यात माझा पुढचा तक्ता अर्धा टाइप व्हायचा, किंवा मुलीला पाजून व्हायचं, किंवा कुकर लागायचा.

सासऱ्यांना हे एका मिनिटात समजलं. म्हणाले, "आमी तरी काय वेगळं करायचो? जॉबला ऑटो फीड लावला की मशीन आपलं कापत बसतं. तवर टर्नर काय टक लावून बघत बसतो व्हय? पुढच्या जॉबचं माप घेतो."

दोन महिने एकही तक्ता चुकला नाही की उशिरा गेला नाही. मग एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला साहेब दारात उभे. हातात झबलं-टोपड्याची पिशवी. "इकडून चाललो होतो, म्हटलं बाळ बघून जावं."

बाळ बघायला आलेल्या माणसाशी आपण कसं वागतो? मी नुकताच एक तक्ता पाठवायला लावला होता आणि दुसरा टाइप करत होते. तो अर्धा सोडून उठले. मुलीला पाळण्यातून काढून साहेबांच्या मांडीवर दिली. "आईवर गेलीय," साहेब म्हणाले. मग मी आत जाऊन पोहे टाकले. साहेबांनी ते दोनदा मागून घेतले, वर चहा झाला. निघताना त्यांनी कॉम्प्युटरकडे नजर टाकली.

"आज काम नाही वाटतं?"

"आहे ना. तक्ता जातोय आत्ता."

पडद्यावर माझा अर्धा टाइप केलेला तक्ता होता, जागच्या जागी. साहेब हसले. मीही हसले. दोन बटणं दाबून दाखवायला मला कितीसा वेळ लागला असता? पण झबलं घेऊन आलेल्या पाहुण्याला कुणी पुरावे दाखवत बसतं का? मला ते सुचलंसुद्धा नाही.

गुरुवारी कंपनीला आठवड्याची सुट्टी, म्हणून पत्र शुक्रवारी आलं. कामाच्या तपासणीसाठी भेट दिली असता सदर कर्मचारी स्वयंपाकघरात आढळल्या, कॉम्प्युटर चालू परंतु वापरात नव्हता, सबब परवानगी रद्द करण्यात येत आहे. मी ते तीनदा वाचलं. ती तपासणी होती. आणि मी तपासणीला आलेल्या माणसाच्या मांडीवर माझी मुलगी दिली होती. अंगाची नुसती लाही लाही झाली.

शनिवारी मुलीला सासऱ्यांपाशी ठेवून मी कंपनीत गेले. आधी कॉम्प्युटर विभागात जाऊन मंगळवारची नोंद छापून घेतली. माझा तक्ता अकराला यायला लागला आणि अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी पूर्ण पोचला, असं त्यात स्वच्छ होतं. तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला.

"म्हणजे मी तिथं बसलो होतो तेव्हा आला हा."

"हो."

"मग हे तर मशीननं केलं, मॅडम. तुम्ही पोहे करत होतात."

"साहेब, वर्कशॉपमध्ये एकट्यानं दोन मशिनं चालवली तर तुम्ही त्याचं नाव बोर्डावर लावता."

"तो मशीनसमोर उभा असतो."

तक्ता कुणी तयार केला, कुणी तपासला, कुणी पाठवायला लावला, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना मी खुर्चीत दिसायला हवी होते, एवढंच. रोज येणं मला शक्य नव्हतं. तिथंच एक कोरा कागद मागून घेतला आणि राजीनामा लिहून दिला. त्यांनी तो वाचला, घडी घालून खणात ठेवला, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाले,

"जायच्या आधी एक करा. तो तुमचा प्रोग्राम माझ्या कॉम्प्युटरवर टाकून द्या. कामाचा दिसतो. एकीकडे पाठवणं चालू राहतं आणि आपल्याला दुसरं काहीतरी करता येतं."

त्या क्षणी काय बोलायला हवं होतं, ते मला नंतर शंभर वेळा सुचलं. भाजी चिरताना सुचलं, मुलीच्या लग्नात अक्षता टाकताना सुचलं, परवाच्या त्या मीटिंगमध्येही सुचलं. साहेबांचा राग येतोच, पण त्याहून जास्त मला माझाच येतो. कारण त्या दिवशी मी पर्समधून फ्लॉपी काढली, प्रोग्राम चढवून दिला, आणि साहेबांची बोटं चुकत होती म्हणून शेजारी उभं राहून दोनदा करून दाखवलं.