वांग्याच्या मरीवरचा लेख

वलगावच्या देवीदास माळ्याची वांगी अमरावतीच्या बाजारात नाव सांगून विकली जात. घर पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाल्यावरच जगत आलेलं. देवीदास मॅट्रिकपर्यंत शिकला आणि नोकरी न धरता पुन्हा मळ्यात उतरला, तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. वाचायचा नाद मात्र सुटला नाही. अकोल्याहून शेतीशास्त्राचं एक त्रैमासिक निघे. ते टपालानं आलं, की ताट वाढलेलं असलं तरी तो आधी ते उघडी.

वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले, त्या काळातली ही गोष्ट. वांग्याला तेव्हा मर फार लागे. फुलावर आलेलं हिरवंगार झाड दुपारी मान टाकी आणि बघता बघता उभ्यानं वाळून जाई. एका साली देवीदासनं विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी लावली आणि निंबोळीची पेंड कुटून मातीत मिसळली. तिथं मर जवळजवळ लागलीच नाही. पलीकडच्या जुन्या तुकड्यात पेंड नव्हती, तिथली निम्मी झाडं गेली. देवीदास हरखून गेला. हिवाळाभर बसून त्यानं लेख लिहिला आणि त्रैमासिकाकडे पाठवला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली, तेव्हा लेख परत आला. सोबत दोन वाचकांची मतं होती, खाली सही कुणाचीच नाही. एकानं लिहिलं होतं, छापावा. दुसऱ्यानं लिहिलं होतं, इतक्यात नको; आणि पुढे पानंच्या पानं भरली होती. दोन्ही तुकड्यांत आधी काय पिकत होतं? बियाणं एकच होतं का? पाणी सारखं मिळालं का? जमीन निराळी असेल तर झाडं पेंडीनंच वाचली हे कशावरून? लेखात जिथं जिथं ‘नक्कीच’ होतं, तिथं पेन्सिलीची रेघ होती.

देवीदासचं डोकं फिरलं. तोडणी तशीच टाकून तो बडनेऱ्याला गाडीत बसला आणि अकोल्याला संपादकांच्या दारात उभा राहिला. संपादक भगवंतराव शाळेतून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे. त्यांनी आधी पाणी दिलं.

“ज्यानं हे लिवलं, त्याचं नाव सांगा,” देवीदास म्हणाला.

ते सांगता येत नाही, असं भगवंतरावांनी सरळ सांगितलं. आलेल्या प्रत्येक लेखावरचं नाव ते कापून काढत आणि त्या विषयातल्या दोघा जाणत्यांकडे लेख पाठवत. लेख कुणाचा हे वाचणाऱ्यांना कळत नसे, वाचणारे कोण हे लिहिणाऱ्याला कळत नसे. ओळखीपाळखीनं छापायचं नाही आणि वैरानं अडवायचं नाही, म्हणून ही रीत. दोघांचं जुळलं नाही तर निवाडा संपादकांचा.

“मंग तुमचा निवाडा काय?”

“त्यानं इचारलं त्याची उत्तरं मले तुमच्या लेखात भेटली नाहीत,” भगवंतराव म्हणाले. “तुमच्यापाशी असतील तर आताच सांगा. मी लिहून घेतो.”

देवीदासनं लेखाची घडी घातली आणि तो स्टेशनाकडे निघाला.

परतीच्या गाडीत ते प्रश्न त्याच्या डोक्यातून हलेनात. विहिरीजवळच्या तुकड्यात आजवर मेथी आणि कोथिंबीरच होत आली होती. वांगं तिथं पहिल्यांदाच लागलं होतं. जुन्या तुकड्यात मात्र वर्षानुवर्षं वांगंच. मरीचं मूळ मातीत राहतं हे तो स्वतःच चारचौघांना सांगत असे. झाडं पेंडीनं वाचली की ताज्या जमिनीनं? मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत त्याचे कान तापले. लेख छापला असता, तर त्याच्या शब्दावर चांदूर बाजारपर्यंतच्या माळ्यांनी पेंड आणून ओतली असती.

घरी त्यानं बायकोला, कौशल्याला, सगळं सांगितलं. माझी लाज निघाली, असंही म्हणाला. ती भाजीच्या जुड्या बांधत होती.

“गिऱ्हाईक वांगं दाबून पायते, तवा आपुन रागावतो काय?” ती म्हणाली. “त्यानंबी दाबून पायलं.”

त्या पावसाळ्यात दोघांनी जुन्याच तुकड्यात वाफे पाडले. एकाला पेंड, शेजारच्याला नाही, असे आलटून पालटून. रोपं एकाच गादीवाफ्यावर वाढवलेली, पाणी एकाच पाटाचं. हाताशी पेंड असताना अर्धे वाफे मरू देतो म्हणून भाऊबंद हसले. कौशल्यालाही वाळणारी झाडं पाहवत नसत, पण तिनं बिनपेंडीच्या वाफ्यात पेंडीची मूठ कधी टाकली नाही. हिवाळ्यात हिशेब लागला. पेंडीच्या वाफ्यांतही झाडं गेली, पण बरीच कमी. चमत्कार नव्हता, गुण मात्र होता. देवीदासनं तसंच लिहिलं. लेख पुन्हा त्याच दोघांकडे गेला, किरकोळ दुरुस्त्या होऊन आला आणि मग छापला गेला. शेवटी त्यानं दोन्ही अनाम वाचकांचे आभार मानले होते.

पुढच्या हंगामात एक म्हातारे गृहस्थ टांग्यातून मळ्यावर उतरले. सरकारी शेतीखात्यातून निवृत्त झालेले, नाव शेषराव. वांगी पाहायला आलो म्हणाले. वाफ्यावाफ्यातून फिरले, माती हातात घेऊन चुरली, आणि बांधावर बसल्यावर म्हणाले, “रेघा मारनारा मीच. आता छापून झालं, म्हून सांगतो.”

देवीदास त्यांच्या पाया पडला. मग राहवेना म्हणून त्यानं विचारलं, की एवढं सगळं लिहीत बसायचे कष्ट का घेतले?

“टाकाऊ लेखाले एक ओळ पुरते,” शेषराव म्हणाले. “घरात नातीचं लगीन होतं अन् मी तुमचा लेख घेऊन बसून राहिलो होतो. कोनाचा हाये ते ठाव नव्हतं. पन मळ्यात उभ्यानं पायलेलं हाये, हे कयत होतं. ते वाया जाऊ नये वाटलं.”

देवीदासचे डोळे भरून आले. ज्याला नावही ठाऊक नव्हतं, त्या माणसानं आपल्यासाठी घरचं लग्न बाजूला ठेवलं, हे त्याच्या मनात घर करून राहिलं. कौशल्यानं चुलीत वांगी भाजून भरीत केलं, ज्वारीची भाकर वाढली. शेषराव पोटभर जेवले आणि जाताना तिच्याजवळ पेंड घालायची वेळ विचारून घेतली.

काही वर्षांनी भगवंतरावांनी नाव कापलेला एक लेख देवीदासकडे मत मागायला पाठवला. मिरचीवरच्या रोगाचा होता. उत्तर लिहिण्याआधी तो आपल्या मिरचीत जाऊन पानं उलटून पाहत बसला, आणि कौशल्यानं भाकर तिकडेच पाठवून दिली.