लंडनची दुकानं एक ते चार बंद

"चारनंतर या!" दार बोटभर उघडून एवढंच म्हणायचं आणि समोरच्याच्या नाकावर आपटायचं, ही आमच्या कादंबरीकारांची माणसं भेटण्याची पद्धत. मी प्रकाशकाकडचा मुद्रितशोधक, तेव्हा माझं नाक बारा महिने चपटं.

गृहस्थ नारायण पेठेतले, कादंबऱ्या मात्र झाडून सगळ्या लंडनमधल्या. स्वतः स्वारगेट ओलांडलं तरी परदेशी आल्यासारखे घाबरे व्हायचे. लिहिण्याचा वेग असा, की घरात कुकर चढला की इकडे खून, आणि तिसऱ्या शिट्टीला खुनी हजर. वाण्याकडची मोहरीसुद्धा यांच्या रद्दीत बांधून यायची. अर्ध्या पेठेला शेवट फोडणी घालता घालताच कळे.

तुम्हीही वाचल्यायत त्या, उगाच नाही म्हणू नका. त्यांच्या लंडनात लॉर्ड लोक एकादशीला साबुदाण्याची खिचडी खात आणि सगळी दुकानं एक ते चार बंद असत. खुनी विष आणायला दोनला जायचा, दुकान बंद बघून पायरीवर बसून राहायचा, आणि तेवढ्यात गुप्तहेर यायचा. संपली हुशारी!

"अहो, तिकडे दुपारी दुकानं उघडी असतात," मी एकदा धीर करून म्हणालो.

"असतील. सभ्य दुकानदार झोपतो."

"पण गिऱ्हाइकाला घाई असली तर?"

"विष घेणाऱ्याला कसली हो घाई?"

पुढे वाचक आटले. प्रकाशकांच्या गादीवर त्यांचे चिरंजीव बसले. ते म्हणाले, "काका, त्यांना ती दुपारची झोप गाळायला सांगा. लोक हसतात. नाहीतर पुस्तक निघणार नाही."

निरोप घेऊन मीच गेलो. या वेळी दार पुरतं उघडलं. आजारानं म्हातारा निम्मा उरला होता.

"एवढं शेवटचं छापून येऊ दे हो," ते म्हणाले. उभ्या जन्मात या माणसानं कुणाची विनवणी केली नव्हती, आणि केली ती असल्या रद्दीसाठी!

हस्तलिखित आलं, आणि पाठोपाठ म्हातारा गेल्याची बातमी. मी वाचायला घेतलं. खुनी दोनला दुकानाशी पोचतो. दार सताड उघडं. दुकानदार हसून म्हणतो, "या, या! काय देऊ?"

इतकं भिकार त्यांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. चिरंजीव मात्र खूश. "आता कसं लंडन वाटतंय!" म्हणाले.

छापायला जाण्यापूर्वीचं शेवटचं वाचन माझ्याकडे असतं. मी लाल पेन काढलं, दुकान बंद केलं आणि खुन्याला पायरीवर बसवलं.

बस लेका, चारपर्यंत.