दहापर्यंत मोजणारी बाई

बंदरावर तिला सगळे मोरपीस म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे मोरपीस. तिच्या हलक्या हातावरून हे नाव मीच ठेवलं होतं, आणि ते चिकटलं याचा मला बरेच दिवस अभिमान होता. आता नाही.

साथीच्या दुसऱ्या वर्षी पर्यटकांची जहाजं पुन्हा सुरू झाली, तेव्हा सामानाच्या हॉलमध्ये आम्हाला टेबलं मांडून दिली. बहात्तर तासांच्या आतला रिपोर्ट प्रवाशानं घरून आणायचा, लशीचं सर्टिफिकेट दाखवायचं, आणि तरीही चढण्याआधी जागेवर नाकातून चाचणी द्यायची. कुणी पॉझिटिव्ह निघालं, की ते आणि त्यांच्या केबिनमधले सगळे तिथूनच माघारी. नवे बूट, नव्या टोप्या घालून आलेली कुटुंबं बॅगा ओढत परत जाताना मी पाहिली आहेत. मी फॉर्म तपासायचो. ताप, खोकला, वास येतो का, श्वासाचा काही आजार. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या कारकुनाला याहून मोठं काम कोण देणार? माझ्यामागे चाचणीची तीन टेबलं होती, त्यातलं मधलं तिचं.

नियम साधा होता. काडी नाकात गेली की फिरवत दहा मोजायचे, मग दुसऱ्या नाकपुडीत पुन्हा दहा. बाकीचे दोघं मनात मोजत आणि माणसं कळवळत. ही मोठ्यानं मोजायची. त्याआधी अठरा वर्षं ती मुलांच्या दवाखान्यात रक्त काढत होती. तिथं तिनं एक युक्ती शोधून काढली होती. पोर रडायला लागलं, की हिचे आकडे पळायला लागत. एक, दोन, तीन, सहा, नऊ, दहा, झालंसुद्धा! पोराला वाटे, फसवलं यांना, लवकर सुटलो. रक्त काढताना आकड्यांनी काही बिघडत नव्हतं, नळी भरायची तेव्हा भरायची. ती सवय तिनं बंदरावर जशीच्या तशी आणली. घाबरलेल्या माणसासाठी तिच्या दहात सहाच आकडे असत.

माझी खुर्ची तिच्यापासून चार हातांवर. मला सगळं ऐकू येत होतं. मी कधी हटकलं नाही. उलट कुणी म्हातारं, कुणी भेदरलेलं आलं, की मीच मधल्या टेबलाकडे बोट दाखवायचो. मलाही त्यात आपण फार दयाळू असल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी एक शिंपीआजोबा आणि आजी असं जोडपं आलं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी तिकिटं काढून दिली होती. आजींना दमा होता, डॉक्टरांचं पत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. आजोबांना नाकातून रक्त येण्याची खोड, म्हणून ते काडीकडे सापाकडे बघावं तसं बघत होते. मी त्यांना मधल्या टेबलावर पाठवलं. आजी बेधडक शेजारच्या टेबलावर गेल्या, तिथला पोरगा जड हाताचा होता. त्यांनी नाक चोळत आजोबांना चिडवलं, मी रडले का बघा. इकडे ताईनं मोजलं. एक, दोन, तीन, सहा, नऊ, दहा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोघंही निगेटिव्ह आले आणि हातात हात घालून जिन्यावरून वर गेले.

चौथ्या दिवशी जहाज परत आलं ते बंद खिडक्यांनी. तेरा जण पॉझिटिव्ह होते. सगळ्यात आधी ताप आला होता तो शिंपीआजोबांना, दुसऱ्याच सकाळी. आजोबा आठवडाभरात उठून बसले. आजी बाराव्या दिवशी दवाखान्यातच वारल्या.

चौकशीला एक साहेब आले. प्रत्येक फॉर्मवर चाचणी करणाऱ्याची सही असते आणि खाली माझी. त्यांनी विचारलं, नियमाप्रमाणे पूर्ण दहा मोजले का? ताईनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, हो साहेब, मी चार हातांवर बसतो, माझ्या कानांनी ऐकलं. साहेबांनी लिहून घेतलं, मी सही ठोकली. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, एका भल्या बाईची नोकरी वाचवली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं तिला पुढं फार जड गेलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पूर्ण दहा मोजू लागली. सावकाश, घड्याळाकडे बघत. मुलं रडली तरी दहा, म्हातारे कण्हले तरी दहा. महिनाभरात तिच्यासमोरची रांग आटली. माणसं शेजारच्या जड हाताच्या पोराकडे जायला लागली, यावरून टेबलावर विनोद झाले, ती हसली नाही. तिच्या मुलीनं मला एकदा फोन केला. म्हणाली, काका, आई दात घासतानासुद्धा मोजते, जेवताना मध्येच थांबते, काय झालंय ते सांगत नाही. मीही सांगितलं नाही.

तिची समजूत घालायला मी आमच्या बंदराच्या डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, लागण इतकी ताजी असेल तर वीस मोजूनही काडीत काही आलं नसतं, आणि कदाचित आलंही असतं, आता कुणीच सांगू शकत नाही. मी ते तिला मोठ्या आशेनं सांगितलं.

"कुणीच सांगू शकत नाही, तेच तर," ती म्हणाली. "रविवारी मी त्यांच्या दुकानात जाणार आहे. तुम्हीपण चला. खोटं तुम्हीही बोललात."

मला राग आला. तिच्यासाठीच तर बोललो होतो. पण गेलो.

दुकान म्हणजे एका गल्लीतली अरुंद खोली, समोर मशीन, मागे कापायचं टेबल. दोरीवर सात-आठ शर्ट टांगलेले, शिवून पूर्ण झालेले, पण एकालाही काजं नाहीत, बटणं नाहीत. ते काम आजींचं होतं. आजोबांनी आम्हाला ओळखलं, स्टूल पुढं केलं आणि आम्ही काही बोलायच्या आधी तिचं कौतुक सुरू केलं. किती हलका हात, आमची ही जहाजावर सारखी म्हणायची, तुम्हाला बरी चांगली बाई मिळाली, माझं नाक त्या पोरानं खरवडून काढलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

ती बसली नाही. उभ्या-उभ्याच तिनं सांगून टाकलं. तुम्ही घाबरला होतात म्हणून मी मधले आकडे गाळले. काडी पूर्ण वेळ ठेवली नाही. ठेवली असती तर कदाचित सापडलं असतं, तुम्ही दोघं घरी परत गेला असतात. मग मी म्हणालो, की चौकशीत मी खोटं सांगितलं.

आजोबांनी हातातली कात्री खाली ठेवली. दोरीवरच्या एका शर्टाची बिनबटणांची पट्टी बोटांनी चाचपली. शिव्या देतील, हाकलतील असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मला ते हवंच होतं.

"किती मोजायचे असतात?" त्यांनी विचारलं.

"दहा."

"मोज बघू. जसे मोजायला हवे होते तसे."

ती मोजू लागली. एकही आकडा गाळला नाही. आजोबांनी डोळे मिटून मान थोडी मागे टेकली होती, त्या दिवशी खुर्चीत टेकली होती तशी. चार. पाच. गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. सात. आठ. नऊ. दहा.

आजोबांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"एवढंच होतं?" ते म्हणाले. "एवढं तर मी बसलो असतो की गं."

सोमवारी आम्ही दोघं साहेबांच्या कचेरीत गेलो आणि जबाब बदलून आलो.